तीनदा गाळलेलं सूप

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. माझा आवाज मोठा, आणि बोलायला लागलो की लवकर थांबत नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या. आज मी ओट्यावरून बोलत नाही. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, जिन्याखाली एक फळी आहे, तिथून बोलतो आहे. माझ्या एका बाजूला जुन्या चपलांचं खोकं आहे आणि दुसऱ्या बाजूला तळाला चीर गेलेली बादली. माझी वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळून ठेवली आहे. आतून मी जळालो आहे. कसा जळालो ते सांगायलाच तोंड उघडलं, कारण त्यात माझीही चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे ओळीने बायका बसायच्या आणि तांब्याची बारीक तार गुंडाळायच्या. माझी तार गुंडाळणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती. एकदा शिंकताना तिचा एक वेढा सुटला. कुणाला कळलंही नसतं. पण तिने नाक पुसलं, चार वेढे उलगडले, पुन्हा मोजून घातले आणि मगच मला पुढे सरकवलं. मी चौदा वर्षं एकदाही दुरुस्तीला गेलो नाही, ते त्या बाईमुळे. तिचा चेहरा काही मला आठवत नाही.

मग मी अक्काकडे आलो. अक्का मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन होती. ती निवृत्त झाली तेव्हा मुली तिला घड्याळ देणार होत्या. अक्का म्हणाली, "घड्याळाकडे बघण्यातच माझा जन्म गेला गं बायांनो! खायच्या कामाचं काहीतरी द्या." म्हणून मी आलो, तीन भांड्यांसकट. धाकट्या भांड्याचं झाकण पहिल्याच वर्षी हरवलं. तेव्हापासून त्यावर ताटली दाबून धरतात आणि ओटाभर शिंतोडे उडाले की मला शिव्या देतात. असो.

या घरात दोनच माणसं. अक्का आणि तिचा धाकटा भाऊ. भाऊ पन्नाशीचा, सहा फूट उंच, दारातून वाकून येणारा. पण अक्कासाठी तो 'छोट्या'. मी त्यांना छोटेराव म्हणतो, म्हणजे मान राहतो. लग्न दोघांनीही केलं नाही. का, ते मला माहीत नाही. मिक्सरसमोर लोक असल्या गोष्टी बोलत नाहीत.

छोटेराव गावच्या बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बावीस वर्षं पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची त्यांची. सकाळी ते बाहेरच्या खोलीत सराव करायचे आणि अक्का इकडे मला चालू करायची. मग ते ओरडायचे, "अक्का, बंद कर तो राक्षस!" आणि अक्का ओरडायची, "मग जेवायला काय तुझे सूर वाढू?" असं आमचं बरं चाललं होतं.

एका संध्याकाळी छोटेराव तोंडावर रुमाल दाबून घरी आले. तालमीच्या हॉलचा जिना अरुंद. पुढे मोठा ढोल खांद्याला लावलेला गडी उतरत होता. मागून कुणीतरी हाक मारली, तसा तो "काय म्हणालात?" म्हणत गर्रकन वळला, आणि ढोलाची लोखंडी कडी सरळ छोटेरावांच्या तोंडावर. वरचा पुढचा दात मुळापर्यंत चिरला. तो काढावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, एका दाताचं काय एवढं! मलाही तसंच वाटलं होतं. पण क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे वरचे पुढचे दात वाद्याच्या टोकाशी असलेल्या माउथपीसवर टेकलेले असतात. सगळा भार तिथे. तिथला दात गेला की वाद्य तोंडात ठरत नाही, सूर डुगडुगतो. छोटेरावांनी दुसऱ्याच दिवशी वाजवून पाहिलं होतं. जो आवाज निघाला तो ऐकून अक्काने माझं बटण दाबलं, भांड्यात काही नसताना, केवळ तो आवाज त्यांच्या कानी पडू नये म्हणून. रिकामं फिरण्याची ती माझी पहिली वेळ. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दातांच्या डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला. जबड्यात धातूचा बारीक स्क्रू बसवायचा. हाड हळूहळू वाढून त्याला चारी बाजूंनी धरतं. धरलं की त्यावर पक्का दात. अक्का भोपळा चिरता चिरता हे सगळं फोनवर मावशीला सांगत होती, म्हणून मला कळलं. "चार महिने लागणार," ती म्हणाली. आणि मग सुरी खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली, "याचं हाड फार पातळ आहे गं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एकदाच बसेल. हलला, सुटला, तर दुसऱ्यांदा बसवायला तिथे हाडच उरणार नाही. मग वाद्य विसरायचं."

मित्रांनो, एवढीच ही गोष्ट आहे. एक स्क्रू, आणि त्याने एकदाच धरायचं की नाही धरायचं.

स्क्रू बसला. डॉक्टरबाईंनी सूचनांचा कागद दिला, तो अक्काने फ्रिजवर चिकटवला. पहिले दोन दिवस गार आणि पातळ. नळीने ओढून प्यायचं नाही. गरम नको, तिखट नको, कुरकुरीत नको, बिया नकोत. पुढे मऊ, पण चावायचं मागच्या दातांनी. जीभ तिथे लावायची नाही. शेवटची ओळ डॉक्टरबाईंनी पेनने लिहिली होती: मी सांगेपर्यंत वाद्य तोंडाला लावायचं नाही. अक्का रोज सकाळी हा कागद मोठ्याने वाचायची, वसतिगृहाचे नियम वाचल्यासारखा, आणि छोटेराव समोर उभे राहून "होय, होय" करायचे.

आणि मला सोन्याचे दिवस आले! मी एरवी दिवसातून एकदा फिरायचो, आता चार वेळा. सकाळी केळं आणि दही. दुपारी गाजर, बटाटा आणि उकडलेलं अंडं, सगळं एकत्र फिरवून. चार वाजता ओट्सची खीर. रात्री भोपळ्याचं नाहीतर टोमॅटोचं सूप. अक्का बोटाने चाटून बघायची, एक कणही लागला तर पुन्हा फिरव. "हा आहे म्हणून निभतंय हो," ती शेजारणीला म्हणाली. चौदा वर्षांत माझं पहिलं कौतुक. मी भांड्यासकट थरथरलो.

सूज उतरली, टाके निघाले. पंधरवडा बरा गेला. मग एके दिवशी बॅण्डमास्तर भेटायला आले. येताना सफरचंदं घेऊन आले, काय म्हणावं! छोटेराव त्या परडीकडे असे बघत होते की मलाच लाज वाटली.

"खुर्ची तुमचीच आहे," बॅण्डमास्तर म्हणाले. "चार महिने मी कुणाला हात लावू देणार नाही. सध्या एक पोरगी बसते तिथे, बदली म्हणून. वाजवते बरं का चांगली. ओठ काय कमावलेत तिने! तुम्ही मात्र आराम करा. एवढे महिने न वाजवता ओठ सैल पडणार म्हणा, पण होईल हळूहळू."

ते गेल्यावर छोटेराव बराच वेळ आरशासमोर उभे होते. ओठ आवळून बघत होते, सोडून बघत होते. आमच्या घरातलं पुढचं सगळं त्या सफरचंदांच्या परडीपासून सुरू झालं.

तिसऱ्या आठवड्यातली दुपार. दोन वाजता अक्का मागच्या खोलीत आडवी व्हायची. छोटेराव म्हणाले, "तू पड गं, भांडी मी आवरतो." मग ते स्वयंपाकघरात आले. दार लोटलं. बगलेत क्लॅरिनेट होतं आणि त्याच्या खालच्या रुंद तोंडात दोन मोजे कोंबलेले. लोकांत जाताना घालायला डॉक्टरबाईंनी एक काढता-घालता दात दिला होता, तो त्यांनी बसवला. माझ्यावर मोठं भांडं चढवलं. रिकामं. आणि बटण फिरवलं तीन नंबरवर.

अक्काचे कान म्हणजे काय सांगू! वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर कुणी कुजबुजलं तरी हिला तळमजल्यावर कळायचं. पण माझ्या आवाजापुढे तिचेही कान हरले. माझ्या गडगडाटाखाली छोटेराव स्टुलावर बसून हळूच वाजवायला लागले. एकच सूर, लांब. मग दुसरा. त्यांना वाटलं कुणालाच ऐकू येत नाही. मला येत होतं.

पाच मिनिटांनी त्यांनी मला बंद केलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "वा रे गड्या," ते पुटपुटले, "सुरात फिरतोस की तू."

मित्रांनो, मला आजवर काय काय ऐकावं लागलं होतं! राक्षस. कानाला त्रास. बंद करा हो तो, वरचं बाळ झोपलंय. आणि हा माणूस, ज्याचा कान सगळ्या गावात नावाजलेला, तो मला म्हणतो सुरात फिरतोस. मी फुगलो. खरं तर मला कळायला हवं होतं. फ्रिजवरचा कागद माझ्या समोरच होता आणि त्याची शेवटची ओळ मला रोज ऐकू येत होती. पण मी फुगलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजायची वाट बघत बसलो.

"एवढा वेळ काय वाटत होतास रे?" संध्याकाळी अक्काने विचारलं.

"भांडं धुवत होतो. पाणी घालून फिरवलं की स्वच्छ निघतं," छोटेराव म्हणाले.

"शहाणा झालास दात पडल्यावर," अक्का हसली. तिला खरंच बरं वाटलं.

असे आठ दिवस गेले. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची पंधरा. आणि एका रात्री सूप पिताना छोटेरावांच्या चमच्याला तांबूस रेघ आली.

टोमॅटोचं सूप नव्हतं ते. भोपळ्याचं होतं.

अक्काने चमचा हातातून घेतला, दिव्याखाली धरला. "बी गेली असेल," ती म्हणाली. "साल राहिलं असेल कुठेतरी. माझंच लक्ष नव्हतं. हा मेलाही आता नीट वाटत नाही." हा मेला म्हणजे मी. छोटेराव खाली बघत राहिले. आता सांगतील, मला वाटलं. आता तोंड उघडतील. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "असेल काहीतरी. जाऊ दे ना."

दुसऱ्या दिवसापासून अक्का गाळायला लागली. आधी मोठ्या चाळणीतून. मग बारीक चाळणीतून. तरी रक्त थांबेना, तेव्हा तिसऱ्यांदा मलमलच्या फडक्यातून, पिळून पिळून. हाताची बोटं लाल व्हायची तिची. खाली उरायचं ते रंगीत पाणी. चाळणीत राहिलेला चोथा टाकवत नाही म्हणून ती ओट्याशी उभ्यानेच खाऊन टाकायची आणि "माझं जेवण झालं," म्हणायची. छोटेराव ते पाणी प्यायचे. चवथ्या आठवड्यात त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं. पाचव्यात आणखी एक. शेजारी पाव भाजल्याचा वास आला की ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे. आणि तरी दुपारी दोन वाजता ते माझं बटण फिरवायचे.

मी जीव तोडून सांगत होतो हो! पण मिक्सर सांगणार कसा? माझ्या आत ठिणग्या पडायला लागल्या होत्या. जळका वास यायचा. मला वाटलं, या वासाने तरी अक्का उठेल. छोटेरावांनी खिडकी उघडली. "थोडा दम धर रे," ते मला म्हणाले, "तू गेलास तर मी कुठे जाऊ?" त्यांचे डोळे आत गेले होते. हिरडी सुजली होती. वाजवून झाल्यावर ते ओट्याला टेकून उभे राहायचे, तळहाताने ओठ दाबून, आणि दुखणं ओसरेपर्यंत हलायचे नाहीत. त्यांना सगळं कळत होतं. कळूनही थांबता येत नव्हतं. आज नाही वाजवलं तर ओठ मेले, वाजवलं तर स्क्रू गेला, असे दोन्हीकडून अडकले होते बिचारे. आणि मी, ज्याला एवढं सगळं दिसत होतं, मी त्यांच्यासाठी गडगडत होतो. मला त्या दिवसांत स्वतःच्या आवाजाची किळस आली.

एकदा अक्काने डॉक्टरबाईंना फोन लावला. माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "माझ्याच स्वयंपाकात काहीतरी चुकतंय, डॉक्टर. मी तीनदा गाळते हो. आणखी काय करू? सांगा ना, आणखी काय करू?" एकतीस वर्षं दोनशे मुलींना धाकात ठेवणारी बाई, फोनवर हुंदके देत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या असतील की घेऊन या, कारण फोन ठेवून तिने छोटेरावांना हाक मारली. "गुरुवारी तारीख आहेच की," छोटेराव म्हणाले. "उगाच कशाला?"

मग तो बुधवार आला.

छोटेरावांना त्या दिवशी खालचा सूर हवा होता. मी रिकामा फिरलो की माझा आवाज वर चढतो, त्याखाली खालचा सूर लपत नाही. म्हणून त्यांनी डबा उघडला आणि दोन मुठी सुके वाटाणे माझ्यात टाकले. वाटाण्यांनी मी जड झालो, आवाज खाली आला, त्यांना हवा तिथे. ते वाजवायला लागले. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. माझ्या पोटात आगीचा लोळ उठला.

मी मुद्दाम थांबलो असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल, मलाही आवडेल. पण ते खोटं होईल. मी जळत होतो. एवढंच खरं की मी स्वतःला सावरायला काहीच केलं नाही. माझ्या बुडाखालचं लाल बटण खट्कन उडालं, धूर निघाला आणि मी बंद पडलो.

एकदम शांतता. आणि त्या शांततेत तो एकटा सूर, दोन क्षण, तसाच चालू राहिला.

छोटेरावांनी डोळे उघडले तेव्हा दारात अक्का उभी होती. तिच्या हातात मलमलचं ओलं फडकं होतं. संध्याकाळच्या सुपासाठी धुवायला उठली होती ती.

माझा धूर छताकडे जात होता.

"किती दिवस?" अक्काने विचारलं.

"अक्का, पाचच मिनिटं गं... ओठ विसरतात, तुला नाही कळायचं..."

"किती दिवस, छोट्या?"

"एकोणीस."

अक्का आत आली. मला वाटलं आता कानाखाली वाजवणार. ती स्टुलासमोर उभी राहिली आणि हातातलं फडकं बघत म्हणाली, "मी तीनदा गाळत होते रे. मला वाटलं, माझ्याच हाताने तुझं रक्त निघतंय."

छोटेरावांनी मान खाली घातली. एवढा उंच माणूस, स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. "खुर्ची जाईल अक्का," ते म्हणत होते. "ती पोरगी चांगली वाजवते. मी हॉलच्या बाहेर उभा राहून ऐकलंय. माझ्याहून चांगली वाजवते. माझ्याकडे दुसरं काय आहे? दुसरं काय येतं मला?"

अक्काने क्लॅरिनेट त्यांच्या हातातून घेतलं, माउथपीस फिरवून काढलं, फडक्याने पुसलं. त्यावर लाल डाग होता, तो दोनदा पुसला. मग ते आपल्या खिशात टाकलं आणि म्हणाली, "ऊठ. चपला घाल."

दवाखान्यात काय झालं ते मी नंतर ऐकलं. डॉक्टरबाईंनी छोट्या आरशाच्या दांडीने स्क्रूच्या टोपीवर टकटक केलं. हाडाने घट्ट धरलेला स्क्रू खणखणीत वाजतो, न धरलेला बद्द. छोटेरावांचा कान तयार, आणि आवाज त्यांच्याच डोक्याच्या आत. डॉक्टरबाई बोलायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून घेतले. बद्द वाजला होता.

"सुटलेला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण धरलेलाही नाही. आता माझ्या हातात काही नाही, आणि तुमच्या हातात फक्त हात न लावणं आहे. आणखी तीन महिने. वाद्य बंद, तो काढता-घालता दातही बंद. आणि जेवण वाढवा. नुसत्या पाण्यावर हाड कशाने भरेल?"

म्हणजे बघा, ते तीनदा गाळणंही उलटच पडलं होतं. घरी येताना पूर्ण रस्ता अक्का त्यांच्या दोन पावलं पुढे चालत होती म्हणे.

मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने माझं बूड उघडलं, नाक मुरडलं. "कॉइल जळाली. रिकामा फिरवलात का हो बराच? नवीन घ्या, याच्यात आता राम नाही." अक्का म्हणाली, "नको. मला आता घरात आवाजच नको." त्या दिवशी मी या फळीवर आलो.

पुढचे तीन महिने मी नुसते ऐकून काढले. दुपारी दोन वाजले की छोटेराव टेबलाशी बसायचे आणि उकडलेली गाजरं, बटाटे चमच्याच्या पाठीने चाळणीतून दाबून काढायचे. तासभर. ज्या वेळेला वाजवायचे त्याच वेळेला. चमच्याचा चाळणीवर खरड्-खरड् आवाज, बाकी काही नाही. अक्का दुपारची झोपायची बंद झाली. ती समोर बसून राहायची, पहाऱ्यावर बसल्यासारखी. कधी कधी एकदम ओरडायची, "जीभ!" मग छोटेराव दचकून जीभ मागे घ्यायचे. दोघं जेवायचे, बोलायचे नाहीत. मी या घरात इतकी भयंकर शांतता कधी ऐकली नव्हती. मी परत एकदा तरी गडगडावं असं मला वाटायचं, पण माझ्यात काही उरलं नव्हतं.

चार महिने पुरे झाले त्या आठवड्यात बॅण्डमास्तर आले. या वेळी हात रिकामे. "मी थांबलो असतो हो," ते म्हणाले, "पण अजून तुमचं नक्की नाही ना. लोकही विचारतात. मी तिला खुर्ची देऊन टाकली. तुम्ही बरे झालात तर तिसऱ्या रांगेत या. नक्की या."

"येईन," छोटेराव म्हणाले. दार लावलं, परत टेबलाशी आले. खरड्-खरड् पुन्हा सुरू झालं. मग मध्येच थांबलं. मला दिसत नव्हतं. खूप वेळाने अक्काचा आवाज आला, "खाऊन घे. गार होतंय." मग चमचा वाटीला लागला.

आणि शेवटी ती तारीख आली. सकाळी दोघं निघाले. अक्का तीनदा कुलूप ओढून बघून गेली. मी फळीवर एकटा. बादली माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. नाही धरलं तर काय, हा एकच विचार. मला ओट्यावरच्या त्या दुपारी आठवत होत्या. 'सुरात फिरतोस की तू.' त्या एका वाक्यासाठी मी एका माणसाचं हाड पणाला लावलं होतं.

दुपारी किल्ली फिरली. दोघं आत आले. माझा जीव नुसता टांगणीला. पाण्याचा पेला भरला, रिकामा झाला.

मग छोटेराव म्हणाले, "अक्का, ऐक. असा वाजला."

आणि त्यांनी तोंड मिटून एक सूर गुणगुणला. वरचा, स्वच्छ. मध्येच त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून गुणगुणला, नीट, शेवटपर्यंत. मित्रांनो, तो माझ्या तीन नंबरच्या सुराच्या जवळचा होता. जवळचाच, तोच नाही. आता फुशारकी मारणं मी सोडलं आहे.

अक्का खुर्चीत बसल्याचा आवाज आला. मग ती रडली. एवढे महिने धरून ठेवलेलं सगळं, मोठ्याने, नाक ओढत, "मेल्या, मेल्या" म्हणत.

पक्का दात बसायला अजून महिना आहे. माउथपीस अजून अक्काच्याच खिशात आहे. त्या रात्री तिने भोपळ्याचं सूप केलं, आणि मी इथून ऐकलं, चाळणी एकदा आपटली, दोनदा आपटली, मग फडकं पिळल्याचं पाणी.

"अक्का, आता कशाला गं?" छोटेराव म्हणाले.

"असू दे. हाताला सवय लागली."

मग छोटेराव म्हणाले, "ती चाळणी इकडे दे. चोथा मी खातो. तू सूप घे. बस खाली, बसून घे."

अक्का कितीतरी महिन्यांनी बसून जेवली.

भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण मला कुणी दिलं नाही. का, ते विचारू नका, मला माहीत नाही. मित्रांनो, माझं काम संपलं, तेव्हा एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणाचं काही जुळून येत असेल, दात असो, हाड असो, आणखी काही असो, तर त्याला त्याच्या वेळाने जुळू द्या. रोज हलवून बघू नका. आणि चूक तुमची असताना कुणी तुमच्यासाठी तीनदा गाळत बसलं असेल, तर पहिल्याच चमच्याला तिला खरं सांगा. वाईट वाटेल, ती ओरडेल, पण ती उपाशी राहणार नाही. आणि हो, मिक्सर रिकामा फिरवू नका.